सव्वीस शनिवार, एक नळ

हे मी लिहिणारच नव्हतो. कारण घोळ माझ्याच हातून झालाय. पण कंपनी म्हणाला, "लिही. निदान एका ठिकाणी तरी खरं नोंदव. फक्त आई वाचणार नाही अशा जागी." म्हणून लिहितोय.

कंपनी म्हणजे माझा मित्र. खासगी कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून आमच्या ऑफिसात त्याला सगळे कंपनीच म्हणतात. आमचं ऑफिस सरकारी, दाखले देणारं. मी गेटवर बसतो, रजिस्टर माझ्या ताब्यात. सरकारने आणि त्याच्या कंपनीने मिळून ठरवलं की दाखले आता कॉम्प्युटरवरून द्यायचे. आणि ती सिस्टीम कंपनीतली माणसं सुट्टीच्या दिवशी फुकट येऊन बनवतील. माणसं म्हणजे, महिन्याभरात हा एकटाच उरला.

असा तो सव्वीस शनिवार आला. तिकडे त्याच्या घरी स्वयंपाकघरातला नळ गळतोय, खाली बादली. आई दर शनिवारी दारातच गाठायची.

"चाललास?"

"काम आहे गं."

"पगार देतात?"

"नाही."

"मग काम कसलं ते? उंडारायला जातोस. घरचा नळ बघायला तेवढी तुला सवड नाही."

शेवटी आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे ऑफिसच्या साहेबांनी, त्याचा सत्कार करायचं ठरवलं. कंपनीला आकाश ठेंगणं झालं. "आई, तू ये. मी काय करतो ते स्वतःच्या कानांनी ऐक." आईने शेजारच्या काकूंनाही बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून.

आता बाईंना वाटलं, प्रशस्तिपत्रक त्याच्याच सिस्टीममधून काढावं. तेवढीच शोभा. पण ती सिस्टीम महाकडक. पुराव्याशिवाय काही छापतच नाही. नियम कंपनीनेच घातलेला. "माझ्या सख्ख्या आईलासुद्धा पुराव्याशिवाय दाखला मिळणार नाही," असं तोऱ्यात सांगायचा.

मग हा सव्वीस शनिवार आला याला पुरावा काय? त्याच्या कंपनीच्या हजेरीत शनिवारी सुट्टी. राहिलं माझं रजिस्टर.

आणि रजिस्टरचं असं आहे. सुट्टीच्या दिवशी फक्त दुरुस्तीवाल्याला आत सोडायचं, हा जुना नियम. पहिल्या शनिवारी हा दारात उभा. आत सोडायचा तर 'दुरुस्ती' लिहिणं भाग होतं. पुढचा रकाना, 'कशाची?' समोर बेसिनचा नळ टपटपत होता. मी लिहिलं, नळ. पुढचे पंचवीस शनिवार, 'वरीलप्रमाणे'.

हेडक्लार्कने पानं स्कॅन करून चढवली. कामाच्या जागी 'संगणक' टाकलं, तर सिस्टीमने लाल अक्षरात नकार दिला. पुराव्याशी जुळत नाही म्हणे. त्याने तीनदा केलं, तीनदा लाल. मग वैतागून पुराव्यात होतं तेच भरलं. हिरवं झालं.

कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं कंपनीने तो कागद पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"काका, बदला ना हे!" तो हेडक्लार्कला म्हणाला.

"तूच शिकवलंस की, छापलेलं बदलता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज कर. पंचेचाळीस दिवस लागतील."

बाई स्टेजवर खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "सलग सव्वीस शनिवार, कोणताही मोबदला न घेता, या कार्यालयाचा नळ..." बाई थांबल्या. कागदाकडे पाहिलं, कंपनीकडे पाहिलं. पण खाली शिक्का होता. "...नळ दुरुस्त केल्याबद्दल."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सव्वीस शनिवार? एकच नळ?"

मी आईकडे बघायचं टाळत होतो. बाहेर आल्यावर तिनेच कंपनीला धरलं.

"खोटं बोललास ना माझ्याशी? म्हणे कॉम्प्युटर!"

"अगं आई, कॉम्प्युटरच..."

"गप. नळाचं काम करतोस त्यात लाजायचं काय? सरकारचा शिक्का आहे यावर." तिने पदराने डोळे पुसले आणि कागद काकूंच्या नाकासमोर धरला. "बघा. उंडारत नव्हता माझा मुलगा."

काकूंनी चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचलं. "आमच्याही बाथरूमचा बघ हो बाळा. येत्या शनिवारी."

"रविवारी," आई म्हणाली. "शनिवारी आधी घरचा."

कंपनीने माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्याने पाना हातात धरलेला नाही. आईला खरं सांगावं तर तिचा आनंद जातो, न सांगावं तर नळ गळतो.

"हे सगळं तुझ्या त्या रकान्यामुळे," तो हळूच म्हणाला.

खरंच होतं. मी त्याला बाजूला घेतलं. "शनिवारी येतो. तू दार लावून घे, नळ मी बसवतो. आईची चाहूल लागली की पाना तुझ्या हातात. रविवारी काकूंकडेही येतो. फुकट. आणि माझं नाव कुठल्याही कागदावर येणार नाही, शब्द देतो."