हरवलेल्या शेळीचा पार्ट

माझा मुलगा निहार गणपती गेल्यापासून चौथीतल्या कार्तिकी बनसोडेचा मुलगा आहे. तो स्वतः तिसरीत आहे. शाळेतली मुलं एक लघुपट करताहेत, त्यात कार्तिकीला आईचा पार्ट मिळाला आणि निहारला मुलाचा; आणि आमच्या शाळेत एकदा घेतलेला पार्ट शेवटचा सीन होईपर्यंत सोडता येत नाही. ही पद्धत जुनी आहे. तालुक्यात बक्षिसं तिच्यामुळेच मिळतात असं सगळे म्हणतात.

त्यामुळे शाळा सुटली की निहार दप्तर घेऊन बनसोड्यांच्या घरी जातो. तिथंच जेवतो, तिथंच झोपतो. वाटेत आमचं घर लागतं. मी दारात असले तर "काकू, येतो हं" म्हणतो. चांगलं वळण लावलंय तिनं, हे मला मान्य करावं लागतं.

लघुपटात बाप नाही. तो पार्ट कुणालाच दिलेला नसल्यामुळे बाप जुनाच चालू राहिला. रविवारी हे निहारला घेऊन मैदानावर जातात आणि घामाघूम होऊन, खुशीत परत येतात.

"दोडका खातो आता तो," एकदा यांनी बातमी दिली.

"कुणाच्या हातचा?"

"आईच्या. म्हणजे कार्तिकीच्या. तू उगाच जळतेस."

मी जळत होतेच. आठ वर्षं मी दोडका किसून, वाटून, थालीपिठात लपवून पाहिला होता.

मी मुख्याध्यापकांना भेटले. पाटोळे सरांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, ती पोरगी नऊ वर्षांची आहे."

"वयाची अट ठेवलेली नाही, ताई."

"पण आई मी आहे त्याची."

"आहातच की. पण सध्या त्या बघताहेत." सर कार्तिकीला अहो-जाहो करत होते. "मागच्या साली सातपुत्यांचा बबलू बैल झाला होता. पोळ्यापर्यंत गोठ्यात होता. त्याच्या आईनं चकार शब्द काढला नाही. उलट रोज वैरण घेऊन यायची."

पालकसभेला मी तरीही गेले. पहिल्या बाकावर, माझ्या जागेवर, कार्तिकी तिच्या आईची साडी नेसून बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं सरांना विचारलं, की निहारची वजाबाकी कच्ची आहे, तर घरी काय करून घेऊ? सर सगळ्यांकडं वळून म्हणाले, "बघा, असं लक्ष पाहिजे." मी मागच्या बाकावरून तिच्या शेजारी बसलेल्या निहारच्या डोक्याकडं बघत होते. तेल लावून सरळ भांग पाडला होता. मी कंगवा हातात घेतला की हा मुलगा घराला दोन फेऱ्या मारायचा. त्या भांगाकडं बघून मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

लघुपटाची गोष्ट सोपी होती. आई आणि मुलाची शेळी हरवते, दोघं गावभर शोधतात, शेळी सापडते. संपलं. चार दिवसांचं काम, असं दिग्दर्शिका अल्फिया मुजावर म्हणाली होती. ती पण चौथीतच आहे. शेळी तिच्या आजोबांची, चांदी नावाची. पहिल्या सीनच्या आधी अल्फियानं चांदीच्या कानात तिचा पार्ट समजावून सांगितला, की तू हरवलेली शेळी आहेस. चांदीनं पार्ट मनापासून घेतला आणि त्या दुपारपासून ती कुणालाही सापडली नाही.

दिवाळी आली. निहारला कार्तिकीनं पहिल्या आंघोळीचं उटणं लावलं. शेळी सापडेना, शेवटचा सीन होईना, आणि माझा मुलगा परत मिळेना.

शेवटी मी अल्फियाच्या घरी गेले. ती पायरीवर बसून फोन पुसत होती.

"मला पण एखादा पार्ट दे," मी म्हटलं.

"आईचा दिलाय, काकू."

"माहितीय. दुसरा कुठलाही चालेल. निहार समोर असला म्हणजे झालं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "शेजारची मावशी शिल्लक आहे. ते दोघं दारात येतात, शेळी बघितली का विचारतात. तुम्ही म्हणायचं, नाही बाई, मी नाही बघितली. एवढंच. जमेल?"

"जमेल."

"मग घेतला ना? परत मागं नाही फिरायचं."

मी पार्ट घेतला. काकूची मावशी झाले. दुसऱ्या दिवशी दोघं दारात आले, मागं अल्फिया फोन धरून. निहारचा एक दात पडला होता. तो कधी पडला, कुठं टाकला, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माझं वाक्य बोलले आणि ते पुढच्या घरी गेले. शेळी मिळेपर्यंत शोध चालूच ठेवायचा असल्यामुळे ते रोज येऊ लागले. रोज संध्याकाळी मी केस विंचरून दारात थांबू लागले.

त्याच आठवड्यात चांदी माझ्या परसात आली. शेवग्याखाली उभी राहून पाला खात होती. मी धावत अल्फियाकडं गेले.

"सापडली! माझ्या परसात आहे!"

अल्फियानं शांतपणे मान हलवली. "तुम्ही नाही बघितली, काकू. तुमचा पार्टच तो आहे."

"अगं, पण ती तिथं उभी आहे!"

"असेल. पण शेजारच्या मावशीनं बघितलेली नाही."

मी यांना परसात उभं केलं. यांनी शेळी बघितली, तिच्या पाठीवरून हात फिरवला, शाळेत जाऊन सांगितलं. पाटोळे सर म्हणाले, "तुम्ही गोष्टीतच नाही. आईनं नाहीतर मुलानं बघायला पाहिजे."

"मग त्यांना परसात पाठवा."

"ते कसे जातील? मावशी नाही म्हणाल्या ना. आईचा मावशींवर विश्वास आहे."

कार्तिकीचा माझ्यावर विश्वास होता हे ऐकून मला तिचा अधिकच राग आला.

काल संध्याकाळी दोघं नेहमीसारखे आले. कार्तिकीनं पदर सावरला.

"मावशी, आमची शेळी बघितली का हो?"

तेवढ्यात चांदी मागं ओरडली. चांगलं लांबलचक ओरडली. अल्फियानं फोन हलू दिला नाही. निहारनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि मग माझ्याकडं. त्याचे डोळे माझ्यासारखे आहेत, ते काही कार्तिकीला बदलता आलेले नाहीत. बाजूला सरकावं, एवढंच करावं, असं मला फार वाटलं. पण मी पार्ट घेतला होता, आणि मावशी दारातच उभी असते.

"नाही बाई," मी म्हटलं. "मी नाही बघितली."

"चल बाळा," कार्तिकी म्हणाली. तिनं त्याचा हात धरला. मला तो हात ओढून काढावासा वाटला.

दोन पावलं जाऊन निहार थांबला. त्यानं आईकडं बघितलं, तिनं मानेनंच हो म्हटलं. मग तो माझ्याकडं वळला.

"मावशी, उद्या परत विचारायला येऊ?"

"ये रे," मी म्हटलं. "रोज ये. मला कुठं दिसलीय तुमची शेळी."