अडतीस अंशांवरचे म्हात्रे

आमचे म्हात्रेसाहेब सख्ख्या पुतण्याच्या हळदीतून उठले आणि मंडपामागे जाऊन एका पंख्याची चौकशी करत बसले. मंडप राई गावात, पंखा भाईंदर पूर्वेला आमच्या ऑफिसात. नवरदेव काकांना शोधतोय आणि काका मोबाईलवर पंख्याचा वेग बघतायत.

आम्ही एका लोकल चॅनेलमध्ये काम करतो. तिथे फ्रेम नावाचा एक लोखंडी खोका आहे. त्याच्या खाचांत कार्डं बसवलेली, ती गार ठेवायला आत पंखा. एक चित्र सांभाळतं, एक आवाज. कार्ड ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापलं, की फोनवर भोंगा वाजतो. तोही फक्त म्हात्रेसाहेबांच्या. पासवर्डही त्यांच्याचकडे. चॅनेलवर दाखवतो काय, तर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पाणी कधी येणार. पण थाट असा, की यांनी डोळा मिटला तर अख्खं भाईंदर अंधारात जाईल!

भोंगा दिवसातून आठ-दहा वेळा वाजायचा. एकदा न्हाव्याकडे वाजला, तर साहेब अर्ध्या दाढीनिशी ऑफिसात आले. "साहेब, सगळं ठीक आहे," म्हटलं की माझ्यावरच डाफरायचे, "तुला काय कलतं? मशीनला पन जीव हाय!" माणसांना मात्र साधा नमस्कार नाही.

गेल्या महिन्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले, तेव्हा नाइलाजाने पासवर्ड मला मिळाला. सेटिंग उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. मर्यादा अडतीस अंश! कार्ड पंचावन्नपर्यंत निवांत चालतं. अडतीस तर एसी जरा मंदावला तरी होतात. म्हणे तज्ज्ञ! मी ताबडतोब पंचावन्न केले आणि ऑफिसभर सांगत सुटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब काळा चष्मा लावून जेसल पार्कच्या घरून रिक्षाने हजर. "दोन दिस झालं, एक पन भोंगा न्हाय. फ्रेम बंद हाय का?"

मी ऐटीत त्यांना नवी मर्यादा दाखवली.

"पंचावन्नच बरोबर हाय," ते म्हणाले. "मना म्हाईत हाय. अडतीस मीच केलं व्हतं."

"मुद्दाम?"

"ही होती तवा फोन सारखा वाजायचा. भाजी आना, जेवलाव का. ती गेली नि फोन गपच झाला. घरात बसवत न्हवतं. मंग केलं अडतीस."

मला माझीच लाज वाटली. मी मर्यादा परत खाली आणायला निघाले, तर त्यांनीच हात धरला. "नको. खोट्या भोंग्यांत येखादा खरा हरवायचा."

आता सुट्टीच्या दिवशी मीच त्यांना फोन करते आणि चालू फ्रेममधलं कार्ड कसं बदलायचं ते विचारते. ते अगदी पहिल्या स्क्रूपासून सांगतात, मध्येच माझ्या डिग्रीचा उद्धार करतात. मला ते सगळं केव्हापासून येतं. तरी मी "हो का?" म्हणत ऐकते. काल त्यात माझी भेंडी करपली.