घंटा होईपर्यंत हलायचं नाही!

तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या वर्गात सात वर्षांत कुणाचा साधा पायसुद्धा मुरगळला नव्हता! लोक इतर ठिकाणी व्यायामाला धडधाकट जातात आणि कंबर धरून परत येतात. माझ्याकडे कंबर धरून येतात आणि ताठ मानेनं जिना उतरतात. हे मी स्वतः सांगत नाही, माझ्या पत्रकावर छापलंय. आता पत्रक मीच छापलंय, ते सोडा.

वर्गाचं नाव 'सावकाश व्यायाम'. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरचा हॉल, सकाळी सात ते आठ. उड्या नाहीत, धापा नाहीत, कानठळ्या बसवणारी गाणी नाहीत. हात उचलायचा तर तो उचलला जातोय याच्याकडे लक्ष द्यायचं, बस्स! शेवटची दहा मिनिटं पांढरी चादर अंगावर घेऊन, डोळ्यांवर रुमालाची घडी ठेवून निपचित पडायचं. मी पितळी घंटा वाजवली की उठायचं. यात कुणाचं काय बिघडणार?

म्हणूनच बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वर्गात न्यायचं मी ठरवलं. वय एकाहत्तर. निवृत्त झाल्यापासून खिडकीजवळची खुर्ची आणि ते, दोघांना वेगळं करणं कठीण झालेलं. गुडघे तर असे कुरकुरायचे की ते उठले की मांजर दचकायचं.

"एकाहत्तराव्या वर्षी त्यांना आडवं पडायला शिकवणार?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, तेवढी एकच गोष्ट त्यांना येते!"

"आई, माझी जबाबदारी!"

"बघ हं. आहेत तसे नेतेयस, आहेत तसे परत आण." त्या हसत होत्या, पण दारात त्यांनी बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं.

बाबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चाळीस वर्षं त्यांनी क्रेन चालवली. क्रेनवर बसलेल्या माणसाला खालचं धड दिसत नाही. खाली एक इशारेवाला उभा असतो. त्यानं हात केला की ओझं उचलायचं, हात केला की उतरवायचं आणि इशारा नसेल तर दांड्याला बोटही लावायचं नाही. एकदा तो इशारेवाला जेवायला गेला आणि विसरला. बाबा दोन तास ओझं टांगून वर बसून राहिले! सासूबाई ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात आणि दर वेळी नव्यानं चिडतात. मी ती शंभरदा ऐकली होती. एकदा जरी नीट ऐकली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

तर त्या दिवशी वर्गात अकरा जण आणि बारावे बाबा. मी समोर उभी राहिले आणि उजवा हात उचलला. नवशिक्यांचं एक ठरलेलं असतं, उजवा म्हटलं की डावा येतो. बाबांचा मात्र बरोबर उजवाच आला! मी खूश. मग माझ्या नाकाला खाज सुटली, मी खाजवलं. बाबांनी नाक खाजवलं. मी केसांचा चिमटा सारखा केला. बाबांनी टकलावरचा नसलेला चिमटा सारखा केला. मी शिंकले, तर हे कमरेतून वाकले! मागच्या रांगेतला बेकरीवाला फिसकन हसला.

"बाबा, सगळंच नाही करायचं," मी हळूच म्हणाले.

"मग कोणतं करायचं ते नक्की सांग," बाबा गंभीरपणे म्हणाले. "इशाऱ्यात घोळ नको."

म्हणून शेवटी आडवं पडताना मी नक्की सांगितलं. अगदी खणखणीत! "आता घंटा होईपर्यंत हलायचं नाही. आवाज येतील, कुणी हाक मारतंय असं वाटेल, हात लावतंय असं वाटेल. ते सगळं मनाचे खेळ. लक्ष द्यायचं नाही. श्वास इतका हलका, की नाकाखाली पीस धरलं तरी हलू नये."

बाराही जण पडले. मी पडदे ओढले आणि मांडी घालून बसले. बेकरीवाला तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला, तो रोजचाच. दहा मिनिटं झाली. मी घंटेची लाकडी मोगरी उचलली आणि सहज बाबांकडे नजर टाकली.

चादर हलत नव्हती.

इतरांच्या चादरी वरखाली होत होत्या. बेकरीवाल्याची तर तंबूसारखी फुगत होती. बाबांची चादर मात्र इस्त्री करून टेबलावर अंथरावी तशी सपाट! मी मोगरी खाली ठेवली. गुडघ्यांवर रांगत त्यांच्याजवळ गेले. "बाबा," मी कुजबुजले. उत्तर नाही. खांदा हलवला. काही नाही. हात धरला, तर पंख्याखाली गार पडलेला!

नाडी बघायला गेले, तर आधी काही लागेना. मग लागली. जोरजोरात पळत होती! जिवात जीव आला. मग लक्षात आलं, ती माझीच होती.

आता तुम्ही म्हणाल, बाई, घंटा वाजवायची, लोकांना उठवायचं, मदत मागायची! कळतं हो. पण हात मोगरीकडे जाईना. घंटा वाजली की अकरा जण उठून बसणार आणि बारावे उठणार नाहीत. मग ते खरं होणार! घंटा वाजेपर्यंत बाबा नुसते पडलेले होते. माझ्या लग्नात माझे वडील नव्हते, तेव्हा हॉलच्या दारापासून आतपर्यंत माझा हात धरून मला नेणारा हा माणूस. त्याला मीच इथे आणलं होतं, माझी जबाबदारी म्हणून! मी तोंडात ओढणी कोंबली आणि रडायला लागले.

"मॅडम," दुसऱ्या रांगेतून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला, "वेळ झाली का?"

"नाही!" मी किंचाळलेच. मग वर्गातला गोड आवाज काढला. "आज... आणखी खोल जायचंय. कुणीही उठू नका. कुणीही!"

"माझा पाय झोपलाय हो."

"झोपू द्या! त्यालाही विश्रांती हवी!"

मग आठवलं, नाकाखाली आरसा धरतात म्हणे. हॉलमध्ये आरसा होता, पण तो अख्ख्या भिंतीएवढा, आणि भिंत काही नाकाखाली धरता येत नाही. मी मोबाइलची काळी काच धरली. वाफ बिलकूल नाही! आणखी जवळ नेला. तेवढ्यात सासूबाईंचा मेसेज आला, 'कसं चाललंय यांचं?' मी अशी दचकले की अंगठा कुठेतरी पडला आणि थेट व्हिडिओ कॉल लागला.

"सूनबाई, हे काय दाखवतेयस?" सासूबाईंचा आवाज. "ही कसली दोन भोकं? ...अगं, हे तर ह्यांचं नाक! असं काय पडलंय ते?"

"आई, हळू बोला..." मी हुंदका गिळत म्हणाले.

"हळू का? आणि तू रडतेयस का?"

मी घाईनं फोन बाजूला फिरवला. तिथे पांढऱ्या चादरी घेऊन ओळीनं पडलेली माणसं, डोळ्यांवर रुमाल.

"अगं आई गं! अख्खा वर्ग?" सासूबाई ओरडल्या आणि फोन कटला.

मी परत लावला, व्यस्त. परत लावला, व्यस्त. ती वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत! बाबांचा गार हात दोन्ही हातांत धरून बसले होते. मधूनमधून "खोल... आणखी खोल..." म्हणत होते आणि मनात म्हणत होते, बाबा, उठा हो, पुन्हा कधी खुर्चीतून उठवणार नाही. बेकरीवाल्याच्या घोरण्याचासुद्धा मला हेवा वाटायला लागला होता.

मग जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं. पुढे सासूबाई, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्यात बाबांची. मागे रुग्णवाहिकेचे दोघे. त्यांनी ती रांग पाहिली आणि दारातच थबकले.

"बारा?" एक जण दुसऱ्याला म्हणाला. "अरे, आपल्याकडे स्ट्रेचर एकच आहे!"

"अहो!" सासूबाई ओरडत धावल्या. अंधारात त्यांचा पाय घंटेवर पडला, घंटा उडाली, भिंतीवर आपटली आणि टण्ण्ण करून अशी वाजली की खालचा ड्रायक्लीनिंगवालासुद्धा दचकला असेल.

बाबांनी आधी हाताची बोटं हलवली. मग पायाची. मग सावकाश उजव्या कुशीवर वळले, जसं शिकवलं होतं अगदी तसं! हाताचा आधार घेऊन उठून बसले आणि डोळ्यांवरच्या रुमालाची व्यवस्थित घडी घातली. बाकीचे अकराही उठले. रुग्णवाहिकेचे दोघे भिंतीला चिकटले.

"दहा मिनिटं बरीच लांब असतात, नाही?" बाबा म्हणाले. मग त्यांना सासूबाई दिसल्या. "अरे! तू खरंच आलीस? तुझा आवाज आला तेव्हा मला वाटलं, मनाचे खेळ. म्हटलं, मनाला कुठेही न्या, ही तिथे येतेच."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या, मग रडायला. मी तर आधीपासून रडतच होते. "बाबा, मी किती हाका मारल्या! ओ तरी द्यायची!"

"ऐकल्या ना सगळ्या," बाबा म्हणाले. "तू रडतेयस तेही ऐकलं. वाटलं, आपलं मन आपल्याला दाखवतंय की सून आपल्यासाठी रडतेय. बरं वाटलं. म्हटलं, दाखवतंय तर दाखवू दे."

मी ओढणीनं नाक पुसत राहिले. मुख्याध्यापिकाबाई मात्र बोलल्या, "मॅडम, आजची विश्रांती काय सुंदर झाली हो! रोज एवढीच ठेवा."

रुग्णवाहिकेवाले म्हणाले, आलोच आहोत तर कुणाचा तरी रक्तदाब तपासल्याशिवाय जाता येत नाही. सगळ्यांचा तपासला. सगळे ठीक. बाबांचा तर पंचविशीतल्या पोराचा! शेवटी माझा. त्या माणसानं आकडा पाहिला, मला पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला.

"मॅडम, आडव्या व्हा. डोळे मिटून स्वस्थ पडायचं, अजिबात उठायचं नाही."

मला चटईवर झोपवलं. सासूबाईंनी चादर घातली, डोळ्यांवर रुमाल ठेवला आणि पोचा आलेली घंटा हातात घेतली. "मी वाजवेपर्यंत हलायचं नाही! कळलं?"

आता त्यांच्यापुढे मी काय बोलणार? पडून राहिले. लोक गेले. पावलं गेली. पंखा फिरत राहिला. दहा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. एक हाक मारून बघितली, "आई?" कुणीच नाही. उठावं म्हटलं, तर आत्ताच वर्गासमोर एवढी शोभा झालेली. नियम आपलाच, आणि आपणच मोडायचा? पडले तशीच.

बऱ्याच वेळानं जिन्यावर आवाज आला. एकेक पायरी, आणि पायरीगणिक कुरकुर. ते गुडघे मी कुठेही ओळखले असते! दाराशी येऊन कुणीतरी थांबलं, दम खाल्ला आणि घंटा वाजवली. हलकेच, एकदाच.

मी बोटं हलवली, उजव्या कुशीवर वळले, उठून बसले. दारात बाबा उभे होते.

"घंटा घरी ओट्यावर दिसली," ते म्हणाले. "तेव्हा लक्षात आलं. तुझा इशारेवाला जेवायला गेलाय."