सुभेदार गव्याचा गुडघा

एका जंगलात रानबा नावाचा गवा राहत होता, बाळांनो. तो सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाला होता. तरसांशी झालेल्या लढाईत त्याला छातीवर पदक मिळालं आणि गुडघ्यात काटा. पदक कधी दुखलं नाही.

दवाखाना टेकडीपलीकडे होता. चार पावलं टाकली की रानबाला घाम फुटे.

एके दिवशी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं. यापुढे माजी सैनिकांना पोलिसांनी दवाखान्यात पोचवायचं. फीत कापली, पेढे वाटले. रानबा लंगडत चौकीवर गेला.

तिथला हवालदार होता कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. त्याने कडक सलाम ठोकला. "तुमच्यासाठी जीव हजर, सुभेदारसाहेब! पण आमचा गाडा आरोपींसाठी असतो. आधी अटक, मग दवाखान्यात तपासणी. तुम्ही काय केलंयत?"

"काहीच नाही."

"मग कसं जमायचं?"

घरी बायको कडाडली, "जन्मभर सरळ वागलात, भोगा आता! जा, काहीतरी वाकडं करून या."

रानबाने राजाच्या कुरणात तोंड घातलं. हवालदार म्हणाला, "खा, साहेब. देशासाठी लढलात." रानबाने चौकीचं कुंपण मोडलं. "जुनंच होतं, साहेब." त्याने भर चौकात महाराजांच्या आयाळीला केरसुणी म्हटलं. "वा! या वयात काय जोश!"

शेवटी रानबाने डोळे मिटले आणि हवालदारालाच लाथ घातली. हवालदार करवंदीच्या जाळीत जाऊन पडला. पाय मोडला.

"आता तरी करा अटक!" रानबा आशेने म्हणाला.

"करतो, साहेब," हवालदार कण्हला, "पण गाडा मीच ओढतो ना!"

जखमीला टाकून जायचं रानबाला सैन्यात शिकवलं नव्हतं. त्याने हवालदाराला पाठीवर घेतलं. पावलागणिक काटा टोचत होता. रडत, शिव्या देत त्याने टेकडी ओलांडली.

वैद्य कासवाने हवालदाराला आत घेतलं. रानबाने गुडघा पुढे केला.

"टेकडी चढून आलात? ओझ्यासकट?"

"हो."

"मग गुडघा ठणठणीत आहे. पुढचा कोण?"

योजना यशस्वी झाली म्हणून महाराजांनी रानबाला आणखी एक पदक दिलं. बायकोने ते त्याच्या गुडघ्यावर बांधलं.

तात्पर्य : बाळांनो, आपलं काही दुखत असेल, तर कुणाच्याही उपयोगी पडू नये. लोकांना वाटतं, दुखणं बरं झालं.