डावा लांब, उजवा आखूड

लातूरच्या मन्मथ बिडवेनं सगळ्या गल्लीला ठणकावून सांगितलं होतं, "लातूर ते लेह, लेहवरून नेपाळ, नेपाळवरून परत लातूर! मोटारसायकलवर! आन् लोकं चुकतात कुठं, म्हाईत हाय का? बुटात! आपण न्हाई चुकणार!"

बोलल्याप्रमाणं त्यानं बुटांचा असा अभ्यास सुरू केला, की तेवढा शाळेत केला असता तर कलेक्टर झाला असता. जेवताना मोबाईल, चहा पिताना मोबाईल. तळ किती जाड, घोट्याला आधार कसा, पाणी शिरतं का, गाडी अंगावर पडली तर नडगी वाचते का! बायको उज्वलानं भाकरी थापली की हा बोटानं दाबून बघायचा आणि म्हणायचा, "तळ असाच पायजे बघ!"

शेवटी दोन जोड मनात भरले. एक गुडघ्यापर्यंतचा, लोखंडी चापांचा, रणगाड्याच्या पोटचा वाटावा असा. दुसरा घोट्यापर्यंतचा, लोण्यासारखा मऊ. दोन्ही नांदेडच्या एकाच दुकानात. आणि योग असा, की त्याच दिवशी नांदेडच्या पुढं अर्धापूरला, त्याच्या सासुरवाडीत, मेहुणी तनुजाला बघायला बिलोलीचे पाहुणे येणार होते.

"जाता जाता बूट बघू," एसटीतून उतरताना मन्मथ उज्वलाला म्हणाला. "चुटकीसरशी काम!"

दुकानात त्यानं दोन्ही जोड घालून पाहिले. काढले. परत घातले. मग त्याच्या डोक्यात एक जबरदस्त कल्पना आली. डाव्या पायात लांब बूट, उजव्या पायात आखूड!

"आता कळंल," तो म्हणाला. "एकाच वेळी दोन्ही पाय सांगतील."

दुकानदारानं जन्मात असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, जरा गल्लीत चकरा मारून बघा."

मन्मथ गल्लीत चकरा मारत होता, तेवढ्यात सासऱ्यांचा, शरणप्पांचा फोन. "पावणे बिलोलीहून निगाले की कवाच! तुमी कुठं हाव?"

आता बूट काढायला तो खाली बसला. उजवा सुटला, पण डाव्याचा मधला चाप हलेना. दुकानदारानं ओढला, उज्वलानं ओढला, रस्त्यानं जाणाऱ्या एका दणकट माणसानं ओढला. चाप हसत नव्हता एवढंच!

"तसेच जाऊन या," दुकानदार घाम पुसत म्हणाला. "तुमच्या चपला तारण म्हणून इथं ऱ्हाऊ द्या, मग तुमी कुठं जाताव? कोणता ठेवायचा ते फोनवर सांगा."

एका पायात रणगाडा आणि दुसरा पाय अनवाणी, हे बरं दिसेना. म्हणून मन्मथनं उजव्या पायात आखूड बूट परत चढवला आणि दोघं ऑटोत बसले.

अर्धापूरला पोचले तेव्हा पाहुणे ओसरीत सतरंजीवर बसलेले. नवरा मुलगा आनंदराज मान खाली घालून, आणि त्याच्या शेजारी त्याची आत्या केवळाबाई. ही बाई सोयरीक जुळवायची कमी आणि मोडायची जास्त, अशी तिची पंचक्रोशीत ख्याती. डोळे असे, की शिजलेल्या डाळीतला खडा लांबून दिसावा!

त्या डोळ्यांसमोर मन्मथ दारातून आत आला. डाव्या बुटाचा तळ वीटभर जाड, उजव्याचा पापडासारखा. त्यामुळं तो चालत नव्हता, विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर-खाली होत होता.

"जावईबापू, पायातलं भायेर काढा की," शरणप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"निघंना, मामा."

उज्वलानं प्रसंग सावरला. म्हणजे तिला तसं वाटलं. "त्यांच्या पायाला लागलंय," ती पाहुण्यांना म्हणाली. "डॉक्टर म्हणले, काढायचं न्हाई."

"आगं बाई! कशानं लागलं?" केवळाबाईंनी विचारलं.

"झाडावरून पडले," शरणप्पा म्हणाले.

"बैलानं लाथ मारली," मन्मथ म्हणाला.

दोघंही एकाच वेळी!

केवळाबाईंनी पदर सावरला. "बैल झाडावर व्हता का?" त्यांनी विचारलं. मग त्या आनंदराजच्या कानाशी वाकल्या, पण त्यांची कुजबुज म्हणजे लाऊडस्पीकर. "जल्माचाच पाय आखूड हाय! लपवून राहिले! थोरल्या पोरीला असा नवरा दिला, म्हंजी पोरीतबी कायतरी खोट असंल. उठा!"

आतल्या खोलीत तनुजानं ते ऐकलं. आनंदराजचा फोटो तिला आवडला होता. दोघं आठवडाभर फोनवर बोललेही होते, हे फक्त उज्वलाला ठाऊक. तनुजाच्या हातातल्या कपबशा वाजायला लागल्या. तो आवाज मन्मथच्या काळजात रुतला. एका बुटापायी पोरीची सोयरीक मोडायची!

"आत्या, थांबा! मी सगळं सांगतो!" तो ओरडला.

केवळाबाई थांबतात कसल्या! "जायाच्या आधी घरातलं तरी बघते," म्हणत त्या तरातरा मागच्या अंगणात गेल्या. तिथं सासूबाई केळ्याची भजी तळत होत्या. चुलीवर मोठी कढई, तेल कडकडीत. मन्मथ वर-खाली होत मागं धावला. "आत्या, ऐका तरी!"

केवळाबाई रागानं गर्रकन वळल्या. पदराचं टोक कढईच्या कानात अडकलं. कढई कलली! तेल थेट त्यांच्या पायांवर येणार! सासूबाई किंचाळल्या, सगळे जागच्या जागी थिजले.

मन्मथनं विचार केला नाही. डावा पाय मध्ये घातला!

चर्रर्रर्र!

उकळतं तेल बुटावर कोसळलं. कढई बुटावर आदळून पलीकडं गडगडत गेली. धूर! उज्वलानं डोळे मिटले.

धूर निवळला. मन्मथ उभाच होता. बुटाच्या चापात दोन भजी अडकली होती. त्याच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज, जणू लेहला झेंडा रोवलाय!

"कायच झालं न्हाई!" तो आनंदानं ओरडला. "आतून गार हाय! उज्वला, बघितलंस का? नडगीपर्यंत गार!"

केवळाबाई जागीच उभ्या. त्यांच्या पायावर थेंबही उडाला नव्हता. "बाबा, तुजा पाय..." त्यांनी बुटाकडं बोट दाखवलं.

आनंदराज धावत आला. त्यानं बुटावर बादलीभर पाणी ओतलं, मग टाच धरून ओढली. तेलानं चाप बुळबुळीत झाला होता. फट्ट! बूट सुटला आणि आनंदराज बुटासकट तुळशीपाशी जाऊन पडला.

मन्मथनं दुसराही बूट काढला. दोन्ही पाय जमिनीवर. केवळाबाईंनी खाली बसून दोन्ही गुडघे चाचपले, टाचा जुळवून पाहिल्या.

"सारकेच की रं! मग हे सोंग कशाला?"

"बूट निवडून राहिलो व्हतो, आत्या," मन्मथ ओशाळून म्हणाला. "लेहला जायाचंय."

केवळाबाई अशा हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला. "ज्या घरचा जावई परक्या बाईसाठी उकळतं तेल पायावर घेतो, त्या घरची पोरगी मी सोडीन व्हय? साखर आणा!"

तनुजा कपबशा घेऊन बाहेर आली. आता त्या अजिबात वाजत नव्हत्या. साखर वाटली गेली, कुंकू लागलं. उरलेल्या भज्यांवर पाहुण्यांनी ताव मारला. मन्मथला मधोमध बसवून तेलाचा प्रसंग त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला गेला, आणि दर वेळी कढई मोठी होत गेली!

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. "साहेब, कोणता ठरला?"

"डावा!" मन्मथ गरजला.

"डावा? साहेब, जोडी असते!"

"दोन्ही डाव्याच्याच जातीचे! बांधून ठेवा!"

आनंदराजचे डोळे चमकत होते. तो जवळ सरकला आणि आदरानं म्हणाला, "दाजी, मला लेहला न्या की संगं. माझी गाडी हाय. तुमच्याकडं कोणची हाय?"

मन्मथनं भजं तोंडात टाकलं. सावकाश चावलं. उज्वलानं कपाळाला हात लावला.

"गाडी ना," तो म्हणाला, "आता बूट झाले. आजपासून गाडी बघायला लागतो!"