सुमित्राबाईंचा चौथा वाडगा

वाडगा समोर आला तसं सुमित्राबाईंनी तळहातात पाणी घेऊन त्याच्याभोवती फिरवलं आणि डोळे मिटले. डोळे उघडेपर्यंत वेटर फडक्यानं टेबल कोरडं करून गेला होता. त्यांनी पुन्हा पाणी फिरवलं. तो पुन्हा आला, "सॉरी मॅम" म्हणून पुन्हा पुसून गेला आणि जाताना पाण्याचा पेलाच टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवला.

"आई, त्याला वाटतंय तू सांडते आहेस," श्रीरंग म्हणाला.

"वाटू दे बापड्याला. तिसऱ्यांदा मी मनातल्या मनात फिरवलं." एवढं बोलून सुमित्राबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचा आवाज बंद झाला.

चातुर्मासात त्या मौनानं जेवत. पहिला घास घेतल्यापासून उठून चूळ भरेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, असा सोळा वर्षांचा नेम होता. हे सोळावं वर्ष. त्यात यंदा अधिक महिना आल्यामुळे चातुर्मासच पाच महिन्यांचा, आणि तो नेमका अमेरिकेत, पार्सिपनीला लेकाच्या घरी आलेला. तरी आजवर सगळं सुरळीत चाललं होतं. श्रीरंगला, सून दीपाला आणि नऊ वर्षांच्या नातीला, पमीला, आजीच्या मौनाची आता सवय झाली होती.

पण मौनाला एक जोडनेम होता. पानात काही टाकायचं नाही. वाढलेलं संपवल्याशिवाय उठायचं नाही. हा नेम सुमित्राबाईंनी कोणालाच सांगितला नव्हता. सगळंच सांगत सुटलं तर देवासाठी म्हणून मागे काय उरणार, असं त्यांना वाटे. घरी हा नेम सोपा होता, कारण वाढून घेणं आपल्या हातात असतं.

इथं यायचं श्रीरंगनं ठरवलं होतं. विद्यार्थी असताना तो दर रविवारी न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये मिस्टर लाऊंच्या या छोट्याशा हॉटेलात वाँटन नूडल्स खायचा. त्यात काय काय असायचं हे त्यानं आईला पत्रातून कधी कळवलं नव्हतं. आज मात्र पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला मिस्टर लाऊंच्या आईचा उपास असे. त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळं पातेलं चढायचं. मांस नाही, अंडं नाही, कांदा नाही, लसूणसुद्धा नाही.

"लसूणसुद्धा नाही?" सुमित्राबाईंनी गाडीत दोनदा विचारलं होतं. मग म्हणाल्या, "म्हणजे चांगल्या घरातलेच दिसतात."

तर त्या पातेल्यातला हा वाडगा. तांदळाच्या बारीक शेवया, वर हिरवी भाजी, आणि गाजर-कोबी भरून उकडलेल्या पिठाच्या पुरचुंड्या. सुमित्राबाईंना त्या पुरचुंड्या मोदकांच्या धाकट्या बहिणी वाटल्या. त्यांनी चमच्यानं आणि थोडं हातानं, शांतपणे, वाडगा तळापर्यंत संपवला.

"आय अॅम नॉट ईटिंग दॅट," पमी स्वतःच्या वाडग्याकडे बघत म्हणाली. "आय वाँट पिझ्झा."

"आजीकडे बघ," दीपा म्हणाली. "कसा चाटूनपुसून खाल्ला. तू नुसती नाटकं कर."

श्रीरंगनं आईच्या रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं आणि त्याला भरून आलं. तीन महिने आईला अमेरिकेतलं काहीही आवडलं नव्हतं. ब्रेड गोड लागायचा, दही गिळगिळीत, काकड्या जून. आणि आज हे. त्यानं हात वर केला. "मिस्टर लाऊ, वन मोर फॉर माय मदर."

सुमित्राबाईंनी मान हलवली. जोरात.

"बघ, लाजते आहे," श्रीरंग दीपाला म्हणाला. "आई, अगं संकोच कसला? आपलंच हॉटेल आहे हे."

दुसरा वाडगा आला. तोही पहिल्याइतकाच काठोकाठ. सुमित्राबाईंनी मनातल्या मनात सोळा वर्षांचा हिशेब केला, पदर खोचला आणि सुरुवात केली. शेवया संपत आल्या की अंगात जरा बळ यायचं, तेवढ्यात तळातून आणखी दोन पुरचुंड्या वर यायच्या. अखेर वाडग्यात पाण्याचा थेंबही उरला नाही. आता उठायचं, चूळ भरायची आणि मोकळं व्हायचं.

पण मिस्टर लाऊ स्वतः वाफाळतं भांडं आणि पळी घेऊन उभे होते. त्यांच्या रीतीप्रमाणे पाहुण्याचा वाडगा रिकामा दिसणं म्हणजे घरच्यांनी हात आखडता घेणं.

सुमित्राबाईंनी तेच केलं जे कोणत्याही पंगतीत कोणीही करतं. दोन्ही तळवे पानावर, म्हणजे वाडग्यावर, आडवे धरले आणि थोड्या पुढे झुकल्या. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणारेही यापुढे हरतात.

मिस्टर लाऊ थांबले. त्यांनी ते तळवे पाहिले, अंगावरची शाल पाहिली, मग छतावरच्या एसीकडे पाहिलं.

"शी इज कोल्ड," ते कळवळून म्हणाले. "वॉर्मिंग हर हँड्स."

"अरे हो, आईला एसी सोसत नाही," श्रीरंग म्हणाला.

थंड वाडगा नेण्यात आला आणि आतून उकळता, पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा वाडगा आला. सुमित्राबाईंनी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत काय नव्हतं? पण दीपा म्हणाली, "आई, सावकाश खा हं, आम्हाला घाई नाहीये," आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

तिसऱ्या वाडग्याच्या मध्यावर श्रीरंग पार्किंग मीटरमध्ये नाणी टाकायला बाहेर गेला. तेवढ्यात मिस्टर लाऊंनी दीपाला पुढच्या काउंटरवर केक बघायला बोलावलं. टेबलावर उरल्या सुमित्राबाई, पमी आणि अर्धा वाडगा.

पमी समोरच्या कागदी मॅटवरचा ससा लाल खडूनं रंगवत होती. सुमित्राबाईंनी तिसरा वाडगा संपवला. पोरीला एकटं सोडून चूळ भरायला जाता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून दोन श्वास घेतले आणि विचार केला. मौन जिभेचं आहे, बोटांचं नाही. त्यांनी हळूच खडू घेतला, कागद उलटा केला आणि मोठ्या, गोल, शाळामास्तरांच्या मुलीला शोभेल अशा अक्षरात लिहिलं: पुरे.

खाली एक ठसठशीत रेघही ओढली.

"आजी, आय कान्ट रीड मराठी," पमी म्हणाली. मग तिनं तो कागद निरखला. "ओह. इज इट फॉर द शेफ? यू लाइक्ड इट?"

सुमित्राबाई दोन्ही हात हलवून नाही म्हणेपर्यंत पोरीनं जाणाऱ्या वेटरला कागद दिलासुद्धा. "माय ग्रँडमदर मेड दिस फॉर द शेफ."

आत एकदम गलबला झाला. मग स्वयंपाकघराच्या दारातून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई बाहेर आली. मिस्टर लाऊंची आई. एका हातात तो कागद, दुसऱ्या हातात वाडगा. तिनं कागद छातीशी धरून सुमित्राबाईंना वाकून नमस्कार केला, वाडगा स्वतःच्या हातांनी त्यांच्यापुढे ठेवला आणि डोळे पुसत आत निघून गेली. स्वतःच्या उपासाच्या पातेल्यात होतं तेवढं सगळं ती घेऊन आली होती.

सुमित्राबाईंच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण ते निराळ्या कारणानं. आता एक घासही खाली उतरणार नव्हता. टाकून उठावं तर एक नेम मोडतो, बोलून सांगावं तर दुसरा. पंधरा चातुर्मास आणि सोळाव्यातले तीन महिने त्या वाडग्यात तरंगत होते.

त्यांनी नातीकडे पाहिलं. नात वाडग्याकडे बघत होती. तिचा स्वतःचा कधीच उचलून नेला होता आणि सकाळपासून पोटात फक्त सीरियल होतं.

सुमित्राबाईंनी वाडगा दोन बोटांनी, तसूभर, तिच्याकडे सरकवला आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसल्या.

थोडा वेळ काही झालं नाही. मग सुर्रर्र असा लांबलचक आवाज आला. मग आणखी एक.

"डोन्ट टेल मॉम," तोंडात शेवया धरून पमी म्हणाली.

आजी कोणाला काय सांगणार होती?

श्रीरंग आणि दीपा परत आले तेव्हा चौथा वाडगा लखलखीत रिकामा होता. मिस्टर लाऊ पळी घेऊन निघालेच होते, पण त्याआधी सुमित्राबाई, त्यांच्या वयाला आणि पोटाला न झेपेलशा वेगानं, उठल्या आणि बेसिनकडे गेल्या. चूळ भरून येईपर्यंत सगळे थांबले. आई आता काय म्हणते, म्हणून श्रीरंग तर हातातले केकचे खोके खाली ठेवून उभा राहिला.

"श्रीरंग," त्या म्हणाल्या, "उद्या माझी एकादशी आहे."

"आई, आज तर पौर्णिमा. एकादशी कशी असेल?" दीपा म्हणाली.

"पंचांगाची नाही गं. माझी आहे."

चातुर्मास निर्विघ्न पार पडला. सुमित्राबाई पुण्याला परतल्या, नेमाचं उद्यापन झालं, आणि एप्रिलमध्ये श्रीरंगचं पत्र आलं. मिस्टर लाऊंनी तुझी चौकशी केली, असं त्यात होतं. भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या लाल पट्ट्या लावल्या आहेत ना, त्यात आता तुझा कागद काच बसवून लावलाय. त्यांच्या आईला वाटतं, तू त्या पदार्थाला तुमच्याकडचं नाव दिलंस. आता तो रोज मिळतो.

पुढे लिहिलं होतं: परवा आमच्याकडचा नंदू म्हणून एक स्टुडंट तिथं जेवायला गेला होता. दोन वाडगे खाऊन त्याचं पोट भरलं, आणि मिस्टर लाऊ तिसरा घेऊन यायला लागले. इंग्लिशमध्ये नको म्हणून बघितलं, ते ऐकेनात. तेवढ्यात त्याला भिंतीवर मराठी अक्षरं दिसली. यार, इतकं बरं वाटलं, म्हणतो. त्यानं त्या शब्दाकडे बोट दाखवलं, दोन-तीनदा, चांगलं ठासून.

त्याला आणखी तीन वाडगे आले.