बँड डावीकडे, ऑर्केस्ट्रा उजवीकडे

"तीन सुरांत सांगतो! चौथा सूर ऐकावा लागला, तर कान कापून हातात देईन!"

हे वाक्य नंबरकाका नुसतं तोंडाने बोलले असते, तर काही बिघडलं नसतं. तोंडाने ते रोज अशी दहा वाक्यं बोलत. पण हे त्यांनी कागदावर लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली आणि शहर ग्रंथालयाला पाठवून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हाताऐवजी कान दाखवला होता.

नंबरकाका म्हणजे पस्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारे गृहस्थ. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. जगाला त्यांचा एकच छंद ठाऊक होता, तो म्हणजे ब्रिटिश संगीताच्या रेकॉर्डी! त्या इंग्रज संगीतकारांना एक खोड होती. एखादी रचना आधी बँडसाठी लिहायची, म्हणजे सगळी फुंकायची वाद्यं, क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्यूबा आणि मागे एक ढोल. ती लोकांना आवडली की तीच रचना व्हायोलिनं आणि चेलो घालून ऑर्केस्ट्रासाठी पुन्हा लिहायची. काकांनी अशा बेचाळीस रचना दोन्ही रूपांत जमवल्या होत्या. खोलीत डावं कपाट बँडचं, उजवं ऑर्केस्ट्राचं. मध्ये खुर्ची आणि खुर्चीत काका.

आता काका रेकॉर्ड ऐकत, असं म्हणणं म्हणजे जरा धाडसच आहे. ते कव्हर मांडीवर घेत, त्यावरचा मजकूर वाचत आणि बोलत. "ऐक, ऐक! आता कॉर्नेट कसा येतो बघ!" हे ते इतक्या मोठ्याने सांगत, की कॉर्नेट बिचारा येऊन निघून जाई. मग 'श्रवणवही' नावाच्या जाडजूड वहीत दोन ओळी खरडत, 'वा! काय ते बँडचं शुद्ध रूप!' आणि डुलकी काढत. पलीकडच्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेल्या काकूंना मात्र ते संगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावंच लागे. त्यांना सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्या नुसत्या ऐकत.

महिनाअखेरीस मुलगी, जावई आणि तीन महिन्यांचं बाळ वर्षभरासाठी राहायला येणार होते. काकूंनी सरळ सांगितलं, "त्या खोलीत एकतर पाळणा राहील, नाहीतर तुमचे इंग्रज राहतील." जुन्या सामानाच्या दुकानदाराला त्यांनी सांगूनही ठेवलं होतं. तो येऊन दोन्ही कपाटं मोजून गेला होता! त्या दिवशी काकांच्या घशाखाली घास उतरला नाही. हसू नका. चौऱ्याऐंशी रेकॉर्डी त्यांनी एकेक करून जमवल्या होत्या, आणि त्या गेल्या तर आपण म्हणजे नुसता एक म्हातारा चष्मेवाला उरू, ही भीती त्यांना खरोखर वाटत होती.

अशात बातमी आली, की ग्रंथालयात श्रवणकक्ष उघडणार आहे. त्याला मानद प्रमुख हवा. प्रमुखाचा स्वतःचा संग्रह तिथेच ठेवता येईल आणि कक्षाची किल्लीही त्याच्याकडेच राहील. काकांनी लगेच ते पत्र खरडलं. 'माझे डोळे बांधा, माझी कोणतीही रेकॉर्ड लावा. बँड की ऑर्केस्ट्रा, तीन सुरांत सांगतो!'

उत्तर आलं. 'आपण लिहिल्याप्रमाणे चाचणी घेण्यास रविवारी सकाळी दहा वाजता येत आहोत. डोळ्यांवर बांधायचा कपडा आपलाच वापरावा.'

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पत्रात जोश दाखवायचा असतो, तो कुणी तपासायला येतं का? शनिवारी दिवसभर ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, आणि तेवढ्यात पायाखाली आवाज झाला, 'टक!'

डाव्या कपाटासमोरची फरशी सुटली होती. तिच्यावर पाय पडला, की टक! उजव्या कपाटासमोर मात्र काही नाही. काकांनी पुन्हा पाय दिला. टक. टक म्हणजे बँड. टक नाही म्हणजे ऑर्केस्ट्रा! कशाला हवेत तीन सूर? इथे तर शून्य सुरांत काम झालं!

"अहो," दारातून काकू म्हणाल्या, "त्या रेकॉर्डींबद्दल मला एक सांगायचंय."

"आत्ता नको!"

"सात वर्षं झाली, 'आत्ता नको'च ऐकतेय मी."

"अगं, उद्या परीक्षा आहे माझी! आणि हो, ती फरशी दुरुस्त करायला कुणाला बोलावलं नाहीस ना?"

"सहा महिने तुम्हालाच सांगतेय."

"शाब्बास!" म्हणत काका निघून गेले. आपली कसली शाबासकी झाली, ते काकूंना कळलं नाही.

रविवारी बरोब्बर दहाला ग्रंथपालबाई आल्या. सोबत एक भारदस्त गृहस्थ होते. अग्निशमन दलाच्या बँडमध्ये अठ्ठावीस वर्षं ट्यूबा फुंकून निवृत्त झालेले बँडमास्तर! वजन शंभराच्या पुढचं. ते बघून काकांना आनंदाचं भरतं आलं. एवढा माणूस फरशीवर उभा राहिला, तर टक काय, धडामच ऐकू येईल!

"कव्हरं मी बघणारसुद्धा नाही," बँडमास्तर म्हणाले. "कव्हर बघून ऐकणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग आहे."

"मलाही!" काका म्हणाले.

डोळे बांधायला काकूंनी ओट्यावरचा नॅपकिन दिला. त्या नॅपकिनने नुकतीच कांदा चिरलेली फळी पुसली होती. गाठ बसताच काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"भावनाप्रधान आहेत," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी वहीत तशी नोंद केली.

बँडमास्तर चालू लागले. टक! काकांनी मनात टाळी वाजवली. सुई टेकली आणि पहिला सूर निघतो न निघतो, तोच काका ओरडले, "बँड!"

खोलीत शांतता. ही शांतता दबून गेलेल्या श्रोत्यांची आहे, असं समजून काका सुटले. "काय ती शुद्धता! एक तार शोधून दाखवा! सगळा फुंकेचा कारभार. आणि खाली तो ट्यूबा, अहाहा, कसा गंभीर चाललाय!"

"हा ट्यूबा आहे?" बँडमास्तरांचा आवाज जरा कापरा झाला होता.

"ट्यूबाच! तुम्हाला मी काय सांगायचं!"

"तेच म्हणतोय. हा जर ट्यूबा असेल, तर अठ्ठावीस वर्षं मी काय फुंकत होतो?"

काकांना ही दाद वाटली. बँडमास्तर पुन्हा चालले. टक नाही. "ऑर्केस्ट्रा!" काका गरजले. "बघा, व्हायोलिनं कशी रेशमासारखी उलगडतायत!" त्या वेळी खोलीत कॉर्नेट, ट्रॉम्बोन आणि ढोल मिळून असा काही दणका उडवत होते, की खिडकीची तावदानं थरथरत होती.

तिसरी टक, चौथी टक नाही. बाई नुसत्या लिहीत होत्या. पाचव्या वेळी बँडमास्तर कपाटासमोर उभे राहून बुटाची नाडी बांधू लागले आणि फरशी दोनदा वाजली. टक-टक! काका गोंधळले. दोनदा म्हणजे काय? पण माघार घेतील तर ते नंबरकाका कसले!

"दोन बँड!" त्यांनी जाहीर केलं. "एकमेकांसमोर उभे! असा योग क्वचित येतो!"

प्लेअरवर एकच बासरी वाजत होती. अगदी एकटी, हळुवार.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू दारातच थबकल्या. त्यांनी बासरीकडे कान दिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि ट्रे हळूच टेबलावर ठेवला. बँडमास्तरांना आता ठसका लागला होता. हसण्याचा की रडण्याचा, ते त्यांनाच ठाऊक. "पाणी!" म्हणत ते खोलीतल्या माठाकडे निघाले. माठ होता डाव्या कपाटाच्या शेजारी.

टक!

"बँड!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "लष्करी! नक्की लष्करी! काय सुरुवात आहे! अंगावर काटा आला!"

बाईंचं पेन वहीवर अर्ध्यातच थांबलं.

"अहो," शेवटी ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अजून सहावी रेकॉर्ड लावलीच नाही."

"काय?"

"ते पाणी प्यायला गेलेत."

काकांनी नॅपकिन वर सरकवला. बँडमास्तर हातात पेला घेऊन फरशीवर उभे होते. त्यांनी एक पाय उचलला. टक. दुसरा ठेवला. टक. मग त्यांनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की पस्तीस वर्षांत इतका तीक्ष्ण नंबर काकांना कधी सापडला नव्हता.

"फरशी ऐकत होता होय!"

"पण फरशी बरोबरच सांगत होती!" काकांच्या तोंडून निसटलं.

"पाचपैकी शून्य!" बाईंनी वही मिटली.

"शून्य?" काका उडालेच. "अशक्य! डावीकडे बँड, उजवीकडे ऑर्केस्ट्रा! कपाट माझं आहे!"

"तेच नवल आहे," बँडमास्तर म्हणाले. "नुसतं तोंडाला येईल ते ठोकलं असतं, तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. सगळीच्या सगळी चुकायला अभ्यास लागतो!"

त्यांनी डाव्या कपाटातून एक कव्हर काढून हातभर लांब धरलं. कव्हरवर बँड, आतल्या निळ्या लेबलवर बारीक अक्षरांत ऑर्केस्ट्रा. दुसरं कव्हर, तेच. तिसरं, तेच. काका ताडकन काकूंकडे वळले. "तू काल आवराआवर केलीस! माझ्या रेकॉर्डींची अदलाबदल केलीस! ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी!"

"काल?" काकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "सात वर्षं झाली. या घरात आलो तेव्हा तुम्हीच हट्ट धरलात, की रेकॉर्डी चादरीत गुंडाळून वेगळ्या न्यायच्या आणि कव्हरं वेगळ्या खोक्यात. मी भरायला बसले आणि विचारलं, निळ्या लेबलाच्या कुठल्या कव्हरात? तुम्ही सामानवाल्याला कॉर्नेटचा इतिहास सांगत होतात. मागे न बघता म्हणालात, 'निळ्या बँडच्या, लाल ऑर्केस्ट्राच्या, एवढंही कळत नाही?' पहिल्याच दिवशी ऐकून मला कळलं, की उलटं झालंय. सांगायला आले, तर म्हणालात, 'आत्ता नको.'"

तेवढ्यात ग्रंथपालबाईंच्या हाताला ती जाडजूड श्रवणवही लागली. पुस्तकं हाताळायची सवय! त्यांनी मधलं पान उघडून मोठ्याने वाचलं. "'आज बँडची रेकॉर्ड. ज्याला यात व्हायोलिनचा भास होईल, त्याने कानांच्या डॉक्टरकडे जावं.'"

काकांना वाटलं, ती फरशी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण फरशी नुसती टक करणारी होती.

"तुम्हाला ऐकून कसं कळलं?" बँडमास्तरांनी काकूंना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक रेकॉर्ड लावली.

"ही ऑर्केस्ट्राची," काकू कपात चहा ओतता ओतता म्हणाल्या. "दुसऱ्या भागात कुणीतरी खोकतं. आणि ट्यूबावाला अर्धा श्वास उशिरा येतो. बँडच्या रेकॉर्डीत मात्र अगदी वेळेवर येतो. तिथे त्याला लपायला जागा नाही ना."

थोड्या वेळाने कुणीतरी खोकलं. त्यानंतर ट्यूबा आला, अर्धा श्वास उशिरा. बँडमास्तर उठून उभे राहिले. "अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले, "मी वेळेवर आलो की उशिरा, ते कुणी म्हणजे कुणी ऐकलं नाही हो!" आणि त्यांनी काकांचा नॅपकिन घेऊन डोळे पुसले. मग तर ते थांबेचनात. कांदा होता ना!

ग्रंथपालबाईंनी वही पुन्हा उघडली. "काकू, श्रवणकक्षाच्या प्रमुख व्हाल?"

"मी? छे हो. घरात बाळ येतंय."

"आठवड्यातून दोनच दिवस. संग्रह तिथेच राहील."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खुर्चीत, दोन कपाटांच्या मध्ये, खांदे पाडून बसला होता. त्यांना त्याची दया आली आणि थोडं हसूही आलं.

"तिथे बोलायला बंदी असेल?" त्यांनी विचारलं.

"कडक."

"मग येते," काकू म्हणाल्या.

महिनाअखेरीस खोलीत पाळणा लागला आणि इंग्रज ग्रंथालयात गेले. किल्ली काकूंच्या पर्समध्ये. काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी चौथ्या नंबरच्या खुर्चीत बसतात. समोर पाटी आहे, 'बोलू नये'. कव्हर मांडीवर घ्यायला परवानगी नाही. पहिल्या मंगळवारी त्यांनी पाच मिनिटं कशीबशी तोंड मिटून काढली. सहाव्या मिनिटाला ते ताठ झाले. सातव्याला त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी जवळपास कांदा नव्हता. आठव्या मिनिटाला त्यांना राहवलंच नाही. ते उठून लगबगीने टेबलाकडे गेले.

"अगं," ते शक्य तितक्या हळू, म्हणजे अख्ख्या कक्षाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यात चक्क व्हायोलिनं आहेत! आणि काय वाजतायत गं! तू मला आधी का नाही..."

काकूंनी मान वर न करता ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या.